बोधगयेच्या वाटेवरचा गार डबा

इंदिरानगर, नाशिक
३ एप्रिल

प्रिय प्रफुल्ल,

सप्रेम जय भीम.

फोनवर आपण बहीणभाऊ एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून मेल लिहितेय. शेवटपर्यंत वाच. मध्येच फोन करू नकोस.

बुद्धपौर्णिमेला आईला घेऊन मी बोधगयेला निघालेय. माझ्या इलेक्ट्रिक गाडीनं, मीच चालवत. मालेगाव, धुळे, इंदूर, सांची, मग सारनाथ आणि शेवटी बोधगया. रोज थोडं जायचं, रोज मुक्काम करायचा. शाळेतून निवृत्त झाले ते घरात बसायला नाही, हे तुला ठाऊक आहेच. वर्षानुवर्षं पोरांना नकाशावर गंगा दाखवली, स्वतः पाहिली नाही.

विमानाचं तिकीट काढतो म्हणशील. मी आधीच विचारलं. आई म्हणाली, "जन्मभर दुसऱ्याच्या सोयीनं गेले. नागपूरला गेले ती ट्रकचा फाळका धरून, उभ्यानं. एकदा तरी खिडकीशी बसून, वाटंल तिथं थांबून जाऊ दे मला." ऐंशीव्या वर्षी बाईनं पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं. माझ्याच्यानं नाही म्हणवेना.

अडचण तिच्या इन्सुलिनची. सकाळ-संध्याकाळ टोचावं लागतं, आणि त्या पट्ट्यात आत्ताच ऊन पोळतंय. तापल्या गाडीत इन्सुलिनची पेनं टिकायची नाहीत. म्हणून मी गाडीतल्या लायटरच्या सॉकेटवर चालणारी एक छोटी थंड पेटी आणली. परवा सिन्नरला जाऊन आले, तर आत ठेवलेलं ताक कोमटच. तू तिकडे बंदरावर दिवसभर गारव्याच्या कंटेनरांत असतोस. आपल्याकडची द्राक्षं तुझ्या डोळ्यांसमोर उतरतात. ती एवढा समुद्र ओलांडून ताजी राहतात, मग आईची पेनं का नाही राहणार? काय करू ते सांग.

तुझी
राखीताई


रॉटरडॅम
६ एप्रिल

प्रिय ताई,

जय भीम. फोन केला नाही. दोनदा हातात घेतला होता.

मला हे पसंत नाही, हे आधी सांगून टाकतो. तू गाडी चांगली चालवतेस. पण आईचं वय, ते ऊन, ती अनोळखी गावं, आणि दर मुक्कामाला चार्जर सापडेलच याची खात्री नाही. द्राक्षांचं म्हणशील तर एक कंटेनर बिघडला तर विमा मिळतो. इन्सुलिन बिघडलं तर ते दिसायला चांगल्यासारखंच दिसतं. तू टोचत राहशील आणि आईची साखर चढत राहील.

तरी तू जाणारच, म्हणून लिहितो. तू आणलेली पेटी बाहेरच्या हवेपेक्षा थोडीफारच गार करते. बाहेर भट्टी असेल तर आत उन्हाळा. तुला कॉम्प्रेसरवाली हवी. घरातल्या फ्रिजचं धाकटं भावंडच ते. वीज फार खात नाही. दिवसभर चालली तरी तुझ्या गाडीचे थोडेच किलोमीटर कमी होतील.

खरी मेख दुसरीकडे आहे. गाडीच्या तळाशी जी मोठी बॅटरी असते, तिच्यावर लायटरचं सॉकेट थेट चालत नाही. त्याला एक वेगळी लहान बॅटरी असते. गाडी बंद केली की काही गाड्यांत ते सॉकेट बंद पडतं आणि फ्रिजही. काही गाड्यांत चालू राहतं आणि लहान बॅटरी पिऊन टाकतं. तुझ्या गाडीत काय होतं ते घराजवळच बघून घे.

अजूनही म्हणतो, विमानानं जा.

तुझा
प्रफुल्ल


इंदिरानगर
१७ एप्रिल

प्रिय प्रफुल्ल,

तू म्हणालास घराजवळ बघ. मी मालेगावला जाऊन बघितलं.

कॉम्प्रेसरवाला फ्रिज आला. माझी मैत्रीण मोहिनी मालेगावात असते, तिच्याकडे जेवायला म्हणून आई आणि मी निघालो. गल्लीत दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट, त्यात गाडी लावली, फ्रिज लायटरच्या सॉकेटवर तसाच चालू ठेवला. जेवलो, गप्पा मारल्या, आईनं तर तिथंच डुलकी काढली. परत येऊन बघतो तर गाडी मेलेली. मोठ्या बॅटरीत निम्म्याहून जास्त वीज, आणि दार उघडेना! लहान बॅटरी फ्रिजनं पार पिऊन टाकली होती. शेजारच्या भागीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "येवढी मोठी गाडी शे, नि कुलूप उघडत नही!" सगळी गल्ली हसली, आई सगळ्यांत जास्त. किल्लीतली साधी चावी काढून दार उघडलं, एका टेम्पोवाल्यानं वायर जोडून दिली, तेव्हा गाडी जागी झाली.

दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये गेले. तिथल्या माणसानं एक जोड दाखवला. गाडी चार्ज करायचं जे तोंड असतं, त्यात तो बसवला की घरच्यासारखा प्लग मिळतो. त्यावर लावलेला फ्रिज थेट मोठ्या बॅटरीवर चालतो, गाडी बंद असली, कुलूप असलं तरी. चार्जिंग करताना ते तोंड अडकलेलं असतं, तेवढ्या वेळापुरतं लायटरचं सॉकेट. तेव्हा लहान बॅटरीही भरत असते, म्हणून धोका नाही. गाडी दिवसभर उन्हात उभी करून पाहिली. फ्रिजमध्ये पाच अंश. मोठ्या बॅटरीचा आकडा जेमतेम हलला.

आईनं फ्रिजचं नाव "गार डबा" ठेवलंय आणि ताबा घेतलाय. पेनं तिनं जेवणाच्या स्टीलच्या डब्यात घातली आणि तो मधोमध ठेवला. झाकण तिच्याशिवाय कुणी उघडायचं नाही. मी पाण्याची बाटली काढायला गेले तर म्हणाली, "आधी विचार."

राखीताई


रॉटरडॅम
१९ एप्रिल

प्रिय ताई,

हरलो. आज इथे जेवणाच्या सुट्टीत तुझी मालेगावची परीक्षा सगळ्यांना सांगितली. ही सगळी थंडाव्याच्या धंद्यात मुरलेली माणसं. एकानं विचारलं, तुझी बहीण इंजिनिअर आहे का? म्हटलं, भूगोलाची बाई आहे. तो म्हणाला, आमच्याकडे नव्या माणसाला हेच शिकवायला महिना लागतो.

एकच सांगायचं राहिलं. इन्सुलिन उन्हानं मरतं तसं गोठूनही मरतं. एकदा गोठलं की पुन्हा वितळवून उपयोग नाही, फेकून द्यायचं. डबा फ्रिजच्या भिंतीला टेकू देऊ नका. आत एक वेगळं थर्मामीटर ठेवा, फ्रिजच्या आकड्यावर विसंबू नका. आईनं मधोमध ठेवलाय म्हणतेस, तिला कुणी सांगितलं होतं?

जा. रोज दोन ओळी लिही.

प्रफुल्ल


सांची
२५ एप्रिल

प्रिय प्रफुल्ल,

आईला कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "कडंला लोणी ठेवलं की दगड होतं, घरच्या फ्रिजात बघत नाय का?"

इथवर सुखरूप आलो. प्रवासात मी फक्त चालवते, हुकूम तिचा. "थांब" म्हणाली की थांबायचं. धुळ्याच्या पुढे पळसाचं एक वाळकं रान दिसलं म्हणून थांबलो. इंदूरच्या अलीकडे रस्त्यावर काम करणाऱ्या बाया दिसल्या म्हणून थांबलो. आई खाली उतरली, गार डब्यातलं ताक त्यांना दिलं आणि त्यांच्यातच खडीवर बसून राहिली. चार्जरवर गाडी लावली की माणसं गोळा होतात. गाडीचं मला विचारतात, डब्याचं आईला. "एवढ्या उन्हात आतलं पाणी एवढं गार कसं, माताजी?" ती ऐटीत सांगते, "पोरगा गारव्याचा साहेब हाय."

आज सकाळी स्तूपाला तिनं प्रदक्षिणा घातली. गुडघे बोलत होते, तरी काठी घेतली नाही. मी मागून चालत होते. तिच्या पांढऱ्या पातळाकडे बघताना मला वाटलं, आपण हिला एवढी वर्षं घरातली म्हातारी समजत होतो. ही तर प्रवासी आहे.

साखर उत्तम. पेनं उत्तम. उद्या पुढे.

राखीताई


१ मे

प्रफुल्ल,

सासारामच्या पुढे एका छोट्या विहाराच्या अतिथीगृहात आहोत. गाडीचं चार्जिंग संपत आलंय, गावात वीज नाही. आज पौर्णिमेला बोधगयेला पोचता येणार नाही. आई बरी आहे. काळजी करू नकोस. सविस्तर नंतर.

राखी


रॉटरडॅम
१ मे

ताई,

फोन लागत नाही, म्हणून लिहितोय.

शेवटी तेच झालं ना? चार्जिंग संपलं. याच एका गोष्टीची मला भीती होती. एवढ्या चाचण्या केल्यास, मालेगावपर्यंत जाऊन आलीस, आणि ऐन वेळी आकड्याकडे लक्ष नव्हतं? आई एवढी वर्षं वाट बघत होती. हातभर अंतरावरून तिची पौर्णिमा हुकली. पुढच्या वर्षी ती प्रवास करू शकेल की नाही, कोण सांगणार? विमानानं गेली असती तर आज ती त्या झाडाखाली असती.

रागावलोय. पण आधी ती कशी आहे ते कळव. इन्सुलिनचं काय?

प्रफुल्ल


बोधगया
३ मे

प्रिय प्रफुल्ल,

तुझी मेल आज वाचली. रागावलास ते बरोबर आहे. मी लिहिलंच अर्धं होतं. आईनंच बजावलं होतं, "त्या बाईच्या घरी आधी कळू दे, मग आपल्या घरी." आता सगळं लिहिते.

सारनाथहून निघालो त्या संध्याकाळी वादळ आलं. झाडं आडवी पडली, विजेचे खांब मोडले, रस्ता दोन्ही बाजूंनी बंद. आम्ही त्या विहारात शिरलो. गाडीत तिसऱ्या हिश्शाएवढी वीज उरली होती. मी ठरवलं होतं, इथे रात्री प्लग लावू आणि सकाळी निघू. पण प्लगमध्ये वीज कुठली! तरी बोधगयेला जाण्यापुरती होती, म्हणून मी निर्धास्त होते.

तिथेच सिन्नरची एक बस अडकलेली. सगळ्या आपल्याकडच्या उपासिका, पांढऱ्या पातळातल्या. त्यांना घेऊन आलेली सायली तिकडच्या शाळेत शिकवते. मराठी कानावर पडल्यावर आई तर हरखूनच गेली. त्यांच्यातल्या काहींना आईसारखंच इन्सुलिन लागतं, आणि त्यांनी पेनं ओल्या रुमालात गुंडाळून आणलेली. आईनं सगळी मागून घेतली. आपल्या बटव्यातून रंगीत दोरे काढले, एकेका पेनाला वेगळा दोरा बांधला, हिरवा अमकीचा, लाल तमकीचा, आणि सगळी गार डब्यात ठेवली. सकाळी एकेक बाई गाडीपाशी आली, आईनं दोरा बघून पेन दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्यातल्या लंकाबाई कोसळल्या. अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही. वारलेल्या नवऱ्याला हाका मारायला लागल्या. गावातले डॉक्टर मोटरसायकल उचलून, पडलेली झाडं ओलांडत आले. सलाईन लावलं आणि म्हणाले, दवाखान्यात नेता आलं असतं तर बरं झालं असतं, रस्ता नाही. आत्ता हिला गारव्यात ठेवा, नाहीतर हातची जाईल.

त्या सगळ्या गावात गारवा एकाच जागी होता. आम्ही लंकाबाईंना गाडीच्या मागच्या सीटवर झोपवलं, ओल्या चादरी घातल्या, एसी लावला. सायली त्यांच्या उशाशी, आई पुढे गार डब्याजवळ, मी आकड्यासमोर.

प्रफुल्ल, फ्रिज वीज खात नाही हे तुझं खरं. पण त्या उन्हात उभ्या गाडीचा एसी खातो. आकडा डोळ्यांदेखत उतरत होता. एका घडीला मी आईला हळूच म्हटलं, "आता बंद केला नाही तर उद्या बोधगयेला पोचणार नाही."

आई मागे वळून लंकाबाईंकडे बघत होती. म्हणाली, "मंग नाय पोचणार."

"आई, पौर्णिमा आहे उद्या."

"ठाऊक हाय मला. लाव एसी."

 जसं काही मी विचारलं होतं की भाजीत मीठ घालू का.

दिवस कलताना लंकाबाईंना घाम फुटला. सायली रडायला लागली. त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं असेल? "ही कुणाची गाडी?" मग चहा मागितला. डॉक्टर पुन्हा आले, नाडी बघितली आणि आईच्या पायाशी वाकले. आई म्हणाली, "माझ्या नको, गाडीच्या पड."

सकाळपर्यंत एसी चालूच ठेवला. पहाटे रस्ता मोकळा झाला. ऊन चढायच्या आत पोचता यावं, म्हणून डॉक्टरांनी बसला लगेच निघायला सांगितलं. लंकाबाईंना पुढची सीट दिली. सायली आईचा हात सोडेना. "आजी, तुम्ही चला आमच्याबरोबर. आज पौर्णिमा आहे, जागा आहे." मीही म्हटलं, जा आई, मी मागून येते. आई म्हणाली, "माझी सुई डब्यात, डबा गाडीत, आन् गाडी हितं. मी कशी येऊ?" प्रत्येकीला तिचं पेन दोरा बघून परत दिलं, आणि बस दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत उभी राहिली.

पौर्णिमेला विहारातल्या भंतेजींबरोबर आम्ही वंदना घेतली. आम्ही, भंतेजी आणि गावातली काही माणसं. वीज आली ती दुसऱ्या दिवशी. साध्या प्लगवर गाडी भरायला वेळ लागला. आज इथे पोचलो.

इथल्या विहाराच्या दारात कोण बसलं होतं सांगू? लंकाबाई. बस राजगीरला गेली, या सायलीला घेऊन मागे राहिल्या. आईला म्हणाल्या, "धोंडाबाई, मी आत जाऊन आले गं. पन तुझ्याबिगर गेल्यागत वाटलंच नाय." दोघी हात धरून आत गेल्या. मी आणि सायली मागे.

आकड्याकडे माझं लक्ष होतं रे. सगळा वेळ होतं. मीच बंद करणार होते. आईनं करू दिलं नाही.

तुझी
राखीताई


रॉटरडॅम
४ मे

प्रिय ताई,

काय लिहू? माझी आधीची मेल पुसून टाक.

आज कामावर गेलो, पण मन लागेना. गारवा जपायचा हा माझा रोजचा धंदा. आजवर मी फळं जपली, मासे जपले, फुलं जपली. माणूस नाही. तुम्ही दोघींनी एका गाडीत, एका बॅटरीवर, एका बाईचा जीव आणि बाकीच्यांची औषधं जपली. शिवाय विजेच्या एकेका थेंबाचा हिशोब समोर दिसत असताना. आकडा दिसत नसता तर सोपं होतं. दिसत असताना "लाव एसी" म्हणायला आई लागते.

तुझ्याबद्दलही लिहितो, कारण समोर बोललो की आपण भांडतो. तू तिला नेलंस म्हणून ती तिथे होती. मी विमानात बसवलं असतं तर ती पौर्णिमेला पोचली असती आणि लंकाबाई गेल्या असत्या.

आईला विचार, हुकलेल्या पौर्णिमेचं वाईट वाटतंय का. आणि तिला म्हणावं, मला खरं सांग.

प्रफुल्ल


बोधगया
६ मे

चि. प्रफुल्ल,

जय भीम. राखीनं तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हणले, मीच लिहिते. माझं अक्षर वाकडं हाय, साक्षरतेच्या वर्गातलं. राखी फोटो काढून धाडील. तिला वाचू नको म्हणून सांगितलं हाय, ती वाचणार नाय.

वाईट वाटलं का विचारतो. बस गेली तवा वाटलं. लय वाटलं. खोटं कशाला सांगू? हात हलवत होते आन् डोळे भरले होते.

आन् राखीला वाटतं मी डब्यासाठी थांबले. सुई काय, ओल्या फडक्यात गुंडाळून नेता आली असती, बाकीच्या बाया नेतच होत्या की. मी थांबले राखीसाठी. पोरीनं एवढ्या लांब आणलं. दिवसभर चालवायची, मुक्कामाला मला टोचायची, जेवू घालायची, मग डब्याचा आकडा बघायची, मग गाडीचा. तिच्या डोळ्याला डोळा नाय. तिला त्या गावात एकटीला सोडून मी झाडाखाली बसले असते तर कुणाकडं बघून हात जोडले असते मी?

आता झाडाचं सांगते. मला वाटलं होतं तिथं रडू येईल. नाय आलं. गर्दी गेलेली, बाया झाडत होत्या, पाखरं ओरडत होती. लंकाबाईनं माळ काढली आन् मोजायला बसली. मी नुसती बसले, आन् बसल्या बसल्या मला झोप लागली. इतकी गाढ झोप मला कैक वर्षांत लागली नव्हती.

उठले तं ऊन फिरलं होतं, पण माझ्यावर सावली. वर बघते तं राखी उभी, ओढणी दोन्ही हातांनी धरून. किती येळची उभी होती कुणास ठाऊक.  म्हणले, बस. म्हणती, मी ठीक आहे आई. म्हणले, बस म्हणते ना.

मंग ती बसली. माझ्या मांडीवर डोकं टेकलं आन् लगेच झोपली, शाळेतनं दमून यायची तशी. सायली पुढं आली, म्हणले, राहू दे. लंकाबाई म्हणाली, धोंडाबाई, ऊन लागंल तुला. म्हणले, लागू दे.

आन् मी पदर धरला तिच्यावर.

तुझी आई
धोंडाबाई